घरचं प्रकरण

दिजों, ६ मार्च १७७२

दादा,

नमस्कार आणि ख्यालीखुशाली मी मुद्दाम गाळतेय. आईच्या शेवटच्या आजारपणात तुला बाबांच्या पुस्तकाची प्रुफं टाकून येता आलं नाही, त्यानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आजही लिहिली नसती. पण या घरात जे चाललंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. युगेतमावशीला सांगून झालं. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ती म्हणाली, "पोरी, मला वाचता येत नाही, म्हणून मी साहेबांवर कधी फार भरवसा ठेवलाच नाही. तुझी पंचाईत झाली."

काल दुपारी द्यूरेलसाहेब जेवायला होते. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. पुस्तकांना छपाईचे परवाने देणाऱ्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. वय पन्नाशीला टेकलेलं, दोन बायका पुरून झालेल्या. मावशीने लसूण आणि लोणी घालून गोगलगायी केल्या होत्या. द्यूरेलसाहेब एकेक शंख ओठांना लावून चोखत होते, असा आवाज करत की टेबलाखालचं कुत्रं मान वर करून बघायचं. चोखून झालं की करंगळीच्या वाढवलेल्या नखाने तळ खरवडायचा. मग तेच नख कानात. मग पुढचा शंख.

हे एवढंच असतं तर मी तुला लिहिलं नसतं. घाणेरडी माणसं जगात असतात, ती जेवायलाही येतात. पण जेवता जेवता ते म्हणाले, "देमोर, तुमचं ते 'संमती' आम्ही जप्त केलं तेव्हा एक प्रत मी घरी नेली होती. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे ना, त्याच्याखाली अगदी चपखल बसली!"

आणि बाबा हसले.

दादा, ओठातल्या ओठात नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मांडीवर थाप मारली. "आखूड पायाखाली! वा! म्हणजे राज्याचा तोल मीच सांभाळतोय म्हणायचा!" ज्या पुस्तकासाठी तू घर सोडून परदेशात गेलास, त्याची ही चेष्टा, आणि वर बाबा त्यांच्या ग्लासात स्वतःच्या हाताने वाइन ओतत होते.

पाहुणे गेल्यावर मी टेबल आवरत होते. बाबा शेकोटीपाशी पाय पसरून बसले होते. म्हणाले, "रेन, तुझं ठरलं."

"काय ठरलं?"

"द्यूरेलशी लग्न. ईस्टर झाल्यावर."

मला वाटलं, अजून विनोदच चाललाय. "त्यांना ती प्रत टेबलाखालून काढावी लागेल. मला वाचायला लागते."

"थट्टा नको. पुस्तकावरची बंदी उठतेय. परवान्यासकट. राजधानीच्या विद्वत्सभेत माझं नाव सुचवलं जाणार आहे. मी एकसष्ट वर्षांचा झालो, रेन. चोरून वाचला जाणारा माणूस म्हणून मला मरायचं नाही."

"आणि मी?"

"तू काय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे खरोखरच न कळल्यासारखं पाहिलं. ते पाहणं माझ्या अंगावरून अजून जात नाही. शेवाळलेल्या दगडावरून हात घसरावा तसं वाटतं.

तू त्यांचा प्रकाशक आहेस. तुझा शब्द ते मानतात. त्यांना लिही.

रेन

दिजों, ४ एप्रिल १७७२

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार पानं लिहिलीस, आणि त्यातली साडेतीन मला माझ्याच बापाची ओळख करून देण्यात घालवलीस.

होय, मला माहीत आहे. ते सेम्यूरच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरात जन्मले. पाद्र्यांच्या शाळेत पोरं नाक धरून त्यांच्यापासून दूर बसत. सव्विसाव्या वर्षी त्यांनी बिशपवर एक टवाळ कविता केली आणि राजाच्या सहीचा एक मोहोरबंद हुकूम आला. ना खटला, ना न्यायाधीश, ना आरोप. किल्ल्यातल्या कोठडीत हिवाळाभर ठेवलं. का ठेवलं ते सांगितलं नाही, आणि का सोडलं तेही सांगितलं नाही. तिथेच त्यांना सुचलं ते सगळं. सत्ता देवाकडून येत नाही की वाडवडिलांकडून येत नाही. ज्यांच्यावर ती चालते त्यांनी दिली तरच ती असते, आणि दिलेली परतही घेता येते. आणि ते वाक्य, जे आता विद्यार्थी भिंतींवर खडूने लिहितात: "गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, गळा धरलेला माणूसही गप्पच असतो."

मला हे तू सांगावंस? न्यायालयाच्या आवारात जल्लादाने ते पुस्तक जाळलं तेव्हा मी मावशीच्या खांद्यावर बसून पाहत होते. शेजारच्या पोरी रडल्या. मी टाळ्या वाजवल्या, कारण बाबांनीच सांगितलं होतं, "ज्याचं उत्तर देता येत नाही तेच जाळतात." आणि तू गेल्यापासून त्यांचं प्रत्येक पान मी उतरवून घेतलंय. तू त्यांना छापतोस, मी त्यांना लिहिते. त्यांचं अक्षर माझ्याशिवाय कुणालाही लागत नाही.

म्हणून तुझ्या शेवटच्या अर्ध्या पानाला उत्तर देते. "एका बाजूला फ्रान्समधले हजारो वाचक आहेत आणि दुसऱ्या बाजूला एक लग्न, याचा शांतपणे विचार कर." केला. हजारो वाचकांपैकी कुणी द्यूरेलच्या पलंगावर झोपणार आहे का? मग तो तराजू तू कुठल्या दुकानातून आणलास?

बाबांशी मी पुन्हा बोलले. म्हटलं, "तुम्ही लिहिलंय की विचारल्याशिवाय घेतलेली संमती ही चोरी असते."

ते म्हणाले, "ते राजांविषयी आहे."

"आणि बापांविषयी?"

"बापांविषयी मी अजून लिहिलेलं नाही," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. दादा, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवीन विषय सापडल्याचा आनंद होता.

रेन

दिजों, १२ मे १७७२

दादा,

घाईत लिहितेय. हे पत्र मावशी स्वतः गाडीवाल्याच्या हातात देणार आहे.

लग्न झालं नाही.

तीन रविवार चर्चमध्ये आमची नावं पुकारली गेली. मी तिन्ही वेळा बाबांच्या शेजारी बसले होते आणि तिन्ही वेळा उठून ओरडावंसं वाटलं, पण उठले नाही. काल सकाळी मला पिवळा रेशमी झगा घातला. द्यूरेलनी पाठवलेला, दुसऱ्या बायकोचा असावा, काखेत तिच्या घामाचे डाग होते. मावशीने ते मीठ-लिंबाने घासले आणि घासताना तिने जे जे शब्द वापरले ते मी लिहू शकत नाही.

आपले पाद्री पेर्नो तुला आठवतात. नाकातून तपकिरीचे थेंब गळणारे, पोट आधी आत येणारे. बाबा त्यांची नक्कल करून पाहुण्यांना हसवायचे. तर हे पेर्नो माझ्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, "रेन, या गृहस्थांना नवरा म्हणून स्वीकारायला तू आपल्या खुशीने तयार आहेस का?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. खरंच फुटेना. द्यूरेलच्या श्वासाला लसणाचा वास येत होता, सकाळीसुद्धा.

पेर्नोंनी पुन्हा विचारलं.

मागून बाबांचा आवाज आला, तोच, पाहुण्यांसमोर वापरायचा असतो तो गोड आवाज. "महाराज, मुलगी लाजतेय. गप्प आहे म्हणजे तयार आहे."

दादा, शपथेवर सांगते, बाबांना कळलंही नाही आपण काय बोललो ते.

पेर्नोंनी नाक पुसलं. "मस्यू देमोर, मला तिच्या तोंडून ऐकावं लागतं. त्याशिवाय मी लग्न लावू शकत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाळ, घाई नाही. मी उभा आहे."

ज्या माणसाला आम्ही आयुष्यभर हसलो, त्याने विचारलं आणि तो थांबला. मी म्हटलं, "नाही."

"मोठ्याने म्हण, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"नाही! माझी तयारी नाही!"

द्यूरेलनी हातमोजा जमिनीवर आपटला आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या घरातलीच व्यवस्था तुम्हाला लावता येत नाही, आणि निघालात राज्याची लावायला." या एका वाक्यात तेवढं शहाणपण होतं. मग ते चालते झाले. बाबा तिथेच बसून राहिले. घरी आल्यापासून त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलंय. लेखणीचा करकर आवाज येतोय. मला बोलावलेलं नाही, स्वतःच लिहीत आहेत. एवढं काय लिहीत असतील?

रेन

सोन नदीकाठचा मठ, जूनचा शेवट

दादा,

काय लिहीत होते ते कळलं.

दोन शिपाई आणि एक कारकून सकाळी आले. कारकुनाने मोहोर दाखवली. मी विचारलं, "माझ्यावर आरोप काय?" तो म्हणाला, "बाई, यात आरोप नसतो." मावशीने शिपायाच्या हाताला कडकडून चावा घेतला. बाबा जिन्यावर उभे होते. मला वाटलं, आता तरी खाली येतील. ते म्हणाले, "तिला लोकरीची शाल द्या, नदीकाठी गारठा असतो."

कागद संपला.

रेन

सोन नदीकाठचा मठ, १८ ऑगस्ट १७७२

दादा,

मावशी महिन्यातून एकदा धुतलेले कपडे घेऊन येते. दारावरच्या म्हाताऱ्या जोगिणीला मधाचा केक आवडतो, त्यामुळे टोपली फारशी कुणी उचकत नाही. कागद कुठून मिळाला ते पुढे सांगते. त्यासाठीच हे पत्र आहे.

मठाच्या आईसाहेब उमराव घराण्यातल्या आहेत, दुष्ट नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं पुस्तक वाचून नवऱ्याला सोडू पाहणाऱ्या दोघी माझ्याकडे आहेत. नवऱ्यांनीच पाठवल्यात. आता मुलगीही आली. मला वाटतं त्या पुस्तकाचा सगळा खप माझ्याच दारात येऊन थांबणार."

त्या दोघींपैकी एक मादाम तिसियेर. नवरा तिला आसुडाने मारायचा. तिने न्यायालयात अर्ज केला, तर नवऱ्याने मोहोरबंद हुकूम आणला. सात वर्षं ती इथे आहे. गादीच्या पेंढ्यात तिने 'संमती'ची एक फाटकी प्रत लपवलीय, तुझ्याच छापखान्याची. मी कोण ते कळल्यावर तिने माझा हात हातात घेऊन चुंबन घेतलं. "तुम्ही त्यांच्या घरात वाढलात!" मला इथे कुणी पाठवलं असं तिने विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं. आपल्याला काका नाहीत.

आता ऐक.

गेल्या आठवड्यात बाबा आले. भेटीच्या खोलीत मध्ये लोखंडी जाळी असते. मी जाळीपाशी गेले तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात होतं की ते रडतील. माफी मागतील. त्यांनी कागदांची चळत जाळीखालच्या फटीतून आत सरकवली, दौत सरकवली, दोन लेखण्या सरकवल्या.

"नवीन आवृत्तीला एक प्रकरण जोडतोय," ते म्हणाले. "तुझ्या बेनीनदादाला महिन्याअखेर पाठवायचं आहे. माझं अक्षर त्याच्या खिळे जुळवणाऱ्यांना लागत नाही. तू घे उतरवून."

मी लेखणी शाईत बुडवली. ते सांगू लागले.

"प्रकरण विसावं. गृहसंस्था. राज्य माणसं मिळून बनवतात, म्हणून राज्यात संमती विचारावी लागते. घर मात्र माणसांनी बनवलेलं नाही. घरच माणसांना बनवतं. तेव्हा घरात संमती गृहीत असते..."

मी लिहीत होते. का लिहीत होते म्हणशील तर दोन कारणं आहेत. एक, मला कागद हवा होता, आणि ते मोजत नाहीत हे मला माहीत होतं. दुसरं कारण जास्त किळसवाणं आहे. हाताला सवय आहे. ते बोलू लागले की माझा हात चालू लागतो.

"...मुलगी ही बापाच्या इच्छेचीच एक फांदी होय. फांदीला कोणत्या दिशेला वाढायचं आहे असं विचारणारा माळी वेडा ठरेल. तिची संमती तिच्या बापाच्या संमतीत गृहीत..."

"गृहीत दोनदा आलं," मी म्हटलं.

"अं? हो. दुसऱ्या ठिकाणी 'सामावलेली' कर. छान. बघ, म्हणूनच तू लागतेस मला."

जाळीच्या या बाजूला बसून, ज्या वाक्याने मला कुलूप लावलं तेच वाक्य मी सुधारून दिलं. लिहून झाल्यावर हात धुवायला पाणी मागितलं. शाई निघाली.

आणि तरी हा कळस नव्हे. उठता उठता ते थांबले. दबकत, लाजत, पहिल्यापासून नवं लेखन मला वाचून दाखवताना जसे लाजतात तसे म्हणाले, "हुकुमासाठीचा अर्ज तू ऐकला नाहीस. कोणी ऐकलाच नाही. घरात आता आहेच कोण?" आणि त्यांनी तो मला म्हणून दाखवला. तोंडपाठ. डोळे मिटून.

"महाराज, ज्या बापाने आपलं आयुष्य माणसाच्या स्वातंत्र्याला वाहिलं, त्याच्यावर आज आपल्याच घरातल्या एका आजारी इच्छेला कुलूप लावण्यासाठी आपल्या दयाळू हाताची भीक मागण्याची वेळ आली आहे. तिला शिक्षा नको. तिला केवळ तिच्यापासून वाचवावं. न्यायाधीशांना यात गुंतवू नये, कारण न्याय प्रश्न विचारतो, आणि बापाच्या दुःखाला प्रश्न सोसवत नाहीत."

मग डोळे उघडून विचारलं, "'आजारी इच्छा' कसं वाटलं?"

दादा, त्यांना उत्तर हवं होतं! मान पुढे करून ते वाट बघत होते!

मी म्हटलं, "जमलंय."

ते खूष होऊन गेले. मी उरलेले कागद घेऊन बागेच्या भिंतीपाशी गेले. त्यानंतर बसून तो अर्ज शब्दन् शब्द लिहून काढला, तो सोबत आहे. तू मला खोटी म्हणशील, म्हण. पण 'आजारी इच्छा' हे मला सुचेल का, ते सांग. तू त्यांची वाक्यं माझ्याइतकीच ओळखतोस.

रेन

सोन नदीकाठचा मठ, ९ ऑक्टोबर १७७२

दादा,

तुझं पत्र मावशीने केकच्या खालच्या कागदात गुंडाळून आणलं. 'आजारी इच्छा' वाचून तू खुर्चीतून उठलास आणि दिवसभर छापखान्यात गेला नाहीस. बरं झालं. तुला लाज वाटली, रडू आलं, आईची आठवण झाली. तेही बरं झालं. हे सगळं मी दोनदा वाचलं आणि तुझ्यावरचा माझा अर्धा राग गेला.

मग तिसरं पान आलं.

"मी ठरवलं आहे की विसावं प्रकरण छापायचं नाही. हस्तलिखित वाटेत गहाळ झालं असं बाबांना कळवतो. पुस्तक पूर्वीसारखंच निर्मळ राहील, आणि पुढच्या पिढ्यांना हा डाग दिसणार नाही."

निर्मळ! तुझ्या हातात मेलेला उंदीर पडला, आणि तू काय करणार, तर त्यावर रुमाल टाकणार. मी ज्या खोलीत बसून हे लिहितेय ती खोली पुढच्या पिढ्यांना दिसू नये म्हणून तू झटतोयस. बाबांची अब्रू, बाबांचं पुस्तक, बाबांचं नाव. तुम्ही दोघं मिळून मला किती वेळा उतरवून घ्यायला बसवणार आहात?

मी इथे काय केलं ते सांगते. मादाम तिसियेरला खरं सांगितलं. तिच्या गादीवर बसून सगळं, द्यूरेलपासून अर्जापर्यंत. तिने पेंढ्यातल्या त्या प्रतीवर हात ठेवला. मला वाटलं आता फाडेल. फाडली असती तर मीही मदत केली असती.

मग तिने विचारलं, "पण ते वाक्य, गळा धरलेल्या माणसाचं, ते तर खरं आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

"मग माझं वाक्य मी देणार नाही. लिहिणारा माणूस ज्याचा त्याला लखलाभ."

असं म्हणून तिने प्रत परत पेंढ्यात खुपसली. तिला नवऱ्याने मारल्यामुळे एका कानाने ऐकू येत नाही, दादा. तिला जे कळलं ते तुझ्या सगळ्या छापखान्याला कळलं नाही.

तेव्हा पुस्तक छाप. ते पुस्तक बरोबर आहे आणि ते लिहिणारा माणूस कुजका आहे. दोन्ही छाप. मोहोरबंद हुकुमांविरुद्धचं नववं प्रकरण छाप, आणि विसावंही छाप, 'सामावलेली' या शब्दासकट. आणि शेवटी, एक शब्दही इकडचा तिकडे न करता, तो अर्ज छाप. खाली तारीख टाक. मी कुठे आहे ते टाक. माझं नाव पूर्ण टाक.

टीका-टिप्पणी नको. तुझं दुःख प्रस्तावनेत नको. फक्त एकापुढे एक लाव. लोकांना वाचता येतं.

आणि हे करायचं नसेल तर मला कपड्यांच्या टोपलीतून सहानुभूती पाठवू नकोस. मला इथे मधाचा केक मिळतो.

रेन

दिजों, २ मे १७७३

दादा,

मी बाहेर आहे. युगेतमावशीच्या बहिणीकडे माळ्यावर राहते. खाली मोहरी दळतात, त्यामुळे डोळ्यांतून सारखं पाणी येतं आणि लोकांना वाटतं मी रडतेय.

तू केलंस. मला वाटलं नव्हतं तू करशील.

पुस्तक चोरवाटांनी आलं तसं पहिल्याच आठवड्यात शहरभर झालं. सगळ्यात आधी सगळ्यांनी शेवटचं पान वाचलं. कॉफीच्या दुकानात पोरं एकमेकांना 'आजारी इच्छा' म्हणून हाका मारतात म्हणे. परदेशी वर्तमानपत्रांत अर्ज छापून आला, आणि मंत्र्यांच्या कचेरीला गोंगाट नको होता, एवढंच. मला सोडायला तोच कारकून आला. मी विचारलं, "का सोडताय?" तो म्हणाला, "बाई, यातही कारण नसतं."

मादाम तिसियेर आतच आहे. तिच्याविरुद्ध अर्ज करणाऱ्या नवऱ्याला छान लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याचा अर्ज कुणी छापला नाही. निघताना तिने मला विचारलं, "नव्या आवृत्तीचा कागद बरा आहे का?" मी तिला एक प्रत मावशीबरोबर पाठवलीय. आईसाहेबांनी टोपली उघडली, प्रत पाहिली आणि परत झाकून ठेवली. पेर्नोंनी तिच्यासाठी वर लिहिलंय, त्यांच्या बिशपला. उत्तर नाही. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाऊन बसते. ते तपकीर ओढतात, शिंकतात आणि पुन्हा लिहितात.

द्यूरेलनी एका विधवेशी लग्न केलं. बंदी कायम आहे. विद्वत्सभेने दुसऱ्या कुणाला घेतलं.

काल मी बाबांना भेटायला गेले. जायचं नव्हतं. पण आईचा लोकरीचा झगा तिथे होता, आणि तो मला हवा होता.

घरात वास मारत होता. मावशी मला नेल्या दिवसापासून तिथे पाय ठेवत नाही, आणि नवी बाई टिकत नाही. टेबलावर शिळं अंडं, त्यावर माशा. त्याच टेबलाशी एक तरुण जर्मन वाचक बसला होता, पायाशी म्हणावा इतका खाली, आणि बाबा त्याला किल्ल्यातल्या कोठडीची गोष्ट सांगत होते. न्यायाधीशाचं तोंड कसं कधीच दिसलं नाही ती. सांगताना त्यांचा आवाज कापत होता, आणि ते कापणं खरं होतं. हेच मला सगळ्यात जास्त सहन होत नाही, दादा. ते ढोंग करत नव्हते. त्यांना खरोखर अजून त्या कोठडीचं दुःख आहे. त्या दुःखात मी कुठेच मावत नाही.

मला पाहून त्या पोराने उठून विचारलं, "या कोण?"

बाबा म्हणाले, "माझी लेखनिक."

पोरगा गेल्यावर मी कपाटातून झगा काढला. बाबा माझ्यामागे खोलीत आले. हातात तू छापलेली प्रत होती, शेवटच्या पानावर उघडलेली, समासात शाईच्या खुणा. म्हातारे झालेत. ओठांच्या कोपऱ्यात अंड्याचा पिवळा बलक सुकलेला. मला वाटलं, आता. आता बोलतील.

"हा अर्ज," ते म्हणाले, आणि संतापाने पानावर बोट आपटलं, "हा माझा खासगी मजकूर आहे. माझा. तो तुम्ही भावा-बहिणीने सगळ्या युरोपसमोर मांडलात. मला न विचारता! माझी संमती न घेता!"

 मला वाटलं, आता तरी स्वतःचं बोलणं त्यांच्या स्वतःच्या कानावर पडेल. मी थांबले, पेर्नो थांबले होते तशी. ते खरंच उत्तराची वाट पाहत होते.

"नाही घेतली," मी म्हटलं, झगा खांद्यावर टाकला आणि जिना उतरून बाहेर आले.

रेन